टॉलेमी पाटलांचं नाणं

१

पाटलांच्या घरी बसवलेल्या कानबाई देवीच्या गळ्यातलं नाणं गेलं, ते रविवारी संध्याकाळी, आरतीच्या तोंडावर. नथ होती. गळसरी होती. कमरेचा चांदीचा पट्टा होता. नारळावर बसवलेले डोळे जागच्या जागी होते आणि जमलेल्या माणसांकडे दरसालप्रमाणे रोखून बघत होते. फक्त लाल रेशमी दोरा सुटून पाटावर पडला होता, आणि त्यात ओवलेला इजिप्तचा राजा नाहीसा झाला होता.

धरणगावाजवळच्या भोकरवाड्यात इजिप्तचा राजा कसा आला, हे १९८९ सालच्या त्या श्रावणात गावातल्या कुणीही सांगितलं असतं. लोटन आबा पाटलांकडे एक जुनं चांदीचं नाणं होतं. एका बाजूला जाड हनुवटीचा माणूस, दुसऱ्या बाजूला गरुड. ते आपल्या खापरपणजोबांच्या पेटीतलं, असं आबा सांगत. जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या भटू सरांनी ते पाहिलं, आणि ग्रीक अक्षरं लावून त्यावर ‘टॉलेमी’ हे नाव वाचलं. मग त्यांनी एका साप्ताहिकात तीन रकाने लिहिले. राणी क्लिओपात्राचा मुलगा, तोही टॉलेमीच, शत्रूच्या भीतीनं आईनं हिंदुस्थानकडे धाडला होता, एवढं इतिहासात आहे. तो पोचायच्या आत मारला गेला, हेही इतिहासात आहे. सरांनी पहिलं वाक्य घेतलं. मुलगा भडोचला उतरला, तापीच्या काठाकाठानं वर आला, आणि काळी जमीन बघून राहिला.

तेव्हापासून भोकरवाड्यात ‘टॉलेमी कृषी केंद्र’ निघालं, बसथांब्यावर ‘टॉलेमी रसवंती’ निघाली, आणि आबांचा धाकटा भाऊ तोताराम यानं जळगावच्या मेहरूणमध्ये ‘टॉलेमी लॉजिंग-बोर्डिंग’ काढलं. पोळ्याला आबांच्या बैलाच्या झुलीवरही तेच नाव असे. बैलाची हरकत नव्हती.

“लीलाधर!” आबा गरजले. “आज दुपारी ह्या खोलीत बाहेरचा माणूस एकच शिरला. लीलाधर सोनार!”

लीलाधर नथीची तार आवळायला आला होता, हे खरं. तो घरी गेला होता, हेही खरं. आणि मंगळवारी मुंबईहून नाण्यांच्या तज्ज्ञ बाई नाणं पाहायला यायच्या होत्या, हे सर्वांत खरं.

“उद्या विसर्जनापर्यंत नाणं आलं नाही, तर सोनार धरणगावच्या ठाण्यात,” आबा म्हणाले. मग त्यांची नजर उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या साडूकडे गेली. “जीवरामनाना, तुमी बठ्ठा जन्म लोकांची लबाडी हुडकण्यात घालवला. ही हुडका.”

धुळ्याचे जीवरामनाना हे विमा कंपनीचे निवृत्त सर्व्हेअर. जळालेल्या जिनिंगात उभं राहून ‘आग आधी लागली की विमा आधी उतरवला’ एवढाच प्रश्न ते तीस वर्षं विचारत आले होते. त्यांनी पाटाकडे पाहिलं. सोनं तसंच. चांदीही तशीच, एका नाण्याएवढी सोडून.

“लोटनराव,” ते म्हणाले, “चोर फार गरीब दिसत नाही.”

२

सोमवारी सकाळी, जागरणाचे डोळे घेऊन गाव चहा पीत असताना, नाना सोनाराच्या दुकानावर गेले. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. एक बाई फळीवर हात टेकून उभी होती आणि मोडीला दिलेले कानातले परत मागत होती.

“का हो, घडवायचे होते ना?” लीलाधरनं विचारलं.

“राहू द्या आता. घरात म्हणतात, पुढल्या साली बघू.”

ती गेली. लीलाधरनं तराजूची पारडी उगाच पुसली. “सकाळपासून ही तिसरी, नाना. माझ्या दुकानात माल कमी आणि विश्वास जास्त असतो. तोच लोक उचलून न्यायला लागले तर मी काय विकू?”

“नाणं घेतलंस का?”

“घेतलं असतं तर नथ सोडली असती का? माझा धंदा काय आहे ते तरी बघा.”

हे उत्तर नानांना पटण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. पटणाऱ्या उत्तरांनी त्यांच्या कंपनीचं बरंच नुकसान केलं होतं.

“त्या नाण्याला कडी तूच बसवलीस?”

“मीच. आधी साफ केलं. गरुडाच्या पंखांत गाळ इतका घट्ट बसला होता, की चिंचेनं निघेना.”

“पेटीतल्या नाण्याला गाळ?”

“सोनारानं गिऱ्हाइकाला हे विचारायचं नसतं.”

“गिऱ्हाईक लोटनच होता का?”

“ते आबांनाच विचारा,” तो म्हणाला, आणि पारडी पुन्हा पुसायला लागला.

भटू सर आबांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. नाणं गेल्याचं दुःख त्यांना झालं होतं, पण त्या दुःखाचा रंग फार चांगला उतरला नव्हता.

“सर, तज्ज्ञ बाई आल्या असत्या तर त्या काय म्हणाल्या असत्या?”

“त्या काय, मुंबईच्या आहेत. म्हणाल्या असत्या, नाणं व्यापाऱ्याच्या कमरेला बांधूनही येतं, त्यासाठी राजपुत्र लागत नाही.” सर हसले आणि हसणं लगेच आवरलं. “म्हणजे मी घेतलं, असं तुम्हाला वाटतं?”

“तुमचा फायदा आहे, एवढं वाटतं. काल दुपारी कुठं होतात?”

“तुमच्याच शेजारी! ओट्यावर. पुऱ्या खात!”

हेही खरं होतं. नानांनी विषय बदलला. “ह्या नाण्यावरचा टॉलेमी कितवा?”

“ते सांगणं कठीण असतं. पहिल्या टॉलेमीचा चेहरा त्याच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या छापला. नावही सगळ्यांचं तेच. ओळखायला लोकांनी टोपणनावं पाडली. एकाला हरभरा म्हणत, एकाला ढेरपोट्या, एकाला पावेवाला.”

“हे खानदेशातलेच वाटतात.”

“मी तेच लिहिलं होतं!” सर खुलले. “राज्य जवळजवळ तीनशे वर्षं टिकलं. भावानं भावाला मारलं, काकानं पुतण्याला मारलं, पण मारणारा गादीवर बसून नाणं पाडायचा ते त्याच नावानं. घरातली माणसं काढून टाकता येतात, नाना. नाव कुणी टाकत नाही.”

नानांनी मान डोलवली. सर शिकवताना खोटं बोलत नसत. लिहितानाच बोलत.

३

तोताराम मोटारसायकलवर टेकून सिगारेट ओढत होता. नानांना पाहून त्यानं ती मागे लपवली, मग आपण आता लॉजचे मालक आहोत हे आठवून पुन्हा तोंडात धरली.

“लोटनभाऊनंच लपवलं असेल,” तो म्हणाला. “बाई येणार, नाणं खोटं निघालं तर अब्रू जाणार. मी म्हटलं होतं, माझ्या काउंटरवर काचेखाली ठेवू. गिऱ्हाईक तरी बघेल. इथं काय, नारळाला घालून ठेवलं.”

“तू काल दुपारी आत होतास?”

“आत जेवायला बसलो, पण रोट खाल्ले नाहीत. साखर वाढलीय. डॉक्टर म्हणतो, कानबाईला माझं नाव सांगू नका.”

नाना आत, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आबांची बायको मंदाबाई त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. ती कोपऱ्यात बसून रिकामी टोपली पुसत होती.

“उरले नाहीत वाटतं रोट?”

“तुम्हाला त्याचं काय, नाना? तुम्हाला कुठं चालतात!”

हा टोमणा जुना होता. कानबाईच्या नैवेद्याचे गव्हाचे गोड रोट भाऊबंदांनीच खायचे. साडू, जावई, मित्र, कितीही जिवाभावाचा असो, त्यानं ओट्यावर बसून पुऱ्या खायच्या. रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि टाकायचेही नाहीत. नाना इतकी वर्षं दर श्रावणात ओट्यावर बसून ते नुसते हुंगत आले होते. न मिळणाऱ्या वस्तूचा हिशेब माणूस फार बारकाईनं ठेवतो.

“तोतारामानं खाल्ले नाहीत,” ते म्हणाले. “मग त्याच्या वाट्याचे उरायला हवेत.”

मंदाबाईचा हात थांबला. “उरायला हवेच होते. उलट जास्त उरायला हवे होते. आमच्या सासूबाईंनी, अक्कांनी, यंदा गहू मोजताना चूक केली.”

“काय चूक?”

“घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं माप घालतात ना? सगळी नावं झाली, अन् अक्कांनी एक माप आणखी घातलं. मी म्हटलं, अक्का, झालं की. तर म्हणे, ‘तू तुनं काम कर.’ वय झालं आता त्यांचं.”

“दरवर्षी चुकतात?”

“छे! एकदाही नाही. यंदाच.”

नाना ओट्यावर परतले. काल दुपारची पंगत त्यांनी डोळ्यांसमोर मांडली. ते स्वतः, भटू सर, लीलाधर. चौथं पान झुलालचं होतं. झुलाल हा ट्रॅक्टरवरचा नवा गडी, साक्रीकडचा. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, गडी ठेवायच्या दिवशी, कामावर आला होता. बोलायला मोजका, कामाला वाघ. काल त्याचं पान मांडलं, तेव्हा पोटात बरं नाही म्हणून तो उठून गेला होता.

पण त्यानंतर घटकाभरानं, आतली पंगत उठल्यावर, तोच झुलाल परसातून खताच्या गोण्या एकट्यानं उचलून ट्रॉलीत टाकताना नानांनी पाहिला होता. आणि तो गाणं म्हणत होता.

उपाशी माणूस गोण्या उचलू शकतो. गाणं म्हणत उचलत नाही.

४

वच्छलाबाई, म्हणजे आबांची आई, जिला सारं गाव अक्का म्हणे, ती कानबाईशेजारी भिंतीला टेकून बसली होती. नाना उंबऱ्याबाहेरच बसले.

“अक्का, काल दुपारी तुम्ही इथंच होतात?”

“इठेच. पन डोया लागना व्हता भाऊ. म्हनीसन दिखनं नही कोन उनं ते.”

“म्हणजे झोप लागली. किती वेळ?”

“पंगत उठस तवलग.”

नानांनी समईकडे पाहिलं. दोन्ही वाती सरळ जळत होत्या. “ही समई छोटी आहे. काल पंगत बसायच्या आधी मी डोकावलो, तेव्हा तेल तळाशी आलं होतं. पंगत उठल्यावर डोकावलो तर काठोकाठ. कुणी घातलं?”

अक्का पटकन म्हणाली, “मीच. कानबाई बसेल शे, समई कशी इझू देसू?”

आणि मग ती गप्प झाली. सर्व्हेअरच्या नोकरीत नानांना ही शांतता ओळखीची होती. कागदावरची आग आणि खरी आग यांच्यात अंतर पडलं, की गोदामाचा मालक असाच गप्प होई.

“म्हणजे तुम्ही जाग्या होतात,” नाना हळू म्हणाले. “नाणं तुमच्या डोळ्यांदेखत गेलं. घेणाऱ्यानं सोन्याला हात लावला नाही, म्हणजे त्याला किमतीशी काम नव्हतं. गाठ सोडली, तोडली नाही, म्हणजे घाई नव्हती. त्याच दुपारी ह्या घरात एका जास्तीच्या पुरुषाचे रोट कुणीतरी खाल्ले. बाहेरच्याला तुम्ही ते दिले नसते, मेलात तरी. तेव्हा तो बाहेरचा नाही.”

अक्कानं पदर ओढून घेतला.

“तुम्हाला मुलगे तीन होते, अक्का. लोटन, तोताराम, आणि सगळ्यात थोरला पुना. माझं लग्न झालं तेव्हा त्यानं वरातीत माझा घोडा धरला होता. पुढं साक्रीकडची जातीबाहेरची मुलगी केली, म्हणून लोटननं त्याला घराबाहेर काढलं. झुलाल पुनाचा मुलगा आहे.”

बाहेर कुणीतरी वाजंत्र्यांना चहा द्यायला सांगत होतं. अक्कानं कानबाईकडे पाहिलं.

“पुना गया,” ती म्हणाली. “दोन साल व्हई ग्यात. माले कोनी सांगं बी नही. ह्या पोऱ्यानी सांगं. आखाजीले उना, माना पाय धरात, अन् म्हने, आजी, लोटन काकाले सांगू नको. नही सांगं मी. लोटनले फसाडं.” तिनं नारळावरच्या डोळ्यांकडे बोट केलं. “पन हिले कशी फसाडू? कुळना मानूस घरमा शे, अन् त्याना नावना गहू नही घाला, ते काय म्हनी ती माले?”

“आणि नाणं?”

“ते पुनाले सापडेल व्हतं. हीर खंदताना. पेटी नही, बिटी नही. उद्या ती बाई येवाव व्हती, अन् कागदवर लोटननं नाव लिखाव व्हती. मीच सोडं, अन् त्याना हातवर ठेवं. म्हनं, तुना बापनं शे.”

“म्हणजे गाळ विहिरीचा होता. पण अक्का, गाव सोनाराला चोर म्हणतंय.”

अक्काचा चेहरा पडला. काल आबा गरजले तेव्हा ती मागं परसात हातपाय धूत होती, आणि नंतर जागरणाच्या गाण्यांत, आरत्यांत, आतल्या खोलीत, हे तिच्यापर्यंत कुणी आणलंच नव्हतं. बायकांत देवीसमोर वाईट बोलायचं नसतं, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

“लीलाधरले?” ती म्हणाली. “अरे देवा.”

५

कापूस भरायच्या खोलीत नानांनी आबांना सगळं सांगितलं. झुलाल दाराशी उभा होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून नाणं काढलं आणि पोत्यावर ठेवलं.

“माले हाई नको व्हतं, काका,” तो म्हणाला. “आजीनी दिधं, म्हनीसन लिधं. मी फक्त बापनं घर दखाले उनू.”

‘काका’ हा शब्द ऐकून आबा पोत्यावर बसले. नाण्यावर बसता बसता राहिले.

“बरं झालं,” ते शेवटी म्हणाले. “नाणं मिळालं. विषय संपला. झुलाल, तू तुझं काम कर. मी ठाण्यात जात नाही.”

“आणि लीलाधर?”

“तक्रार देत नाही म्हटलं ना?”

“तक्रार दिली नाही म्हणून माणूस साव ठरत नाही, लोटनराव. गावात तुम्ही ओरडून सांगितलं की त्यानं घेतलं. आता त्यानं घेतलं नाही, हेही तुम्हालाच सांगावं लागेल.”

“सांगतो. सांगतो की.” आबांनी घाम पुसला. “मग लोक विचारतील, कुणी घेतलं? काय सांगू? पुनाच्या पोरानं? आज पुनाचा पोरगा म्हणालो, की उद्या जमीन पुनाच्या पोराची. त्यापेक्षा... सोनार काय, चार दिवसांत लोक विसरतात.”

“दोन दिवसांत दुकान बंद पडेल.”

“तुम्ही शोधून दिलंत, उपकार झाले,” आबा उठले. त्यांनी नाणं खिशात घातलं. “बाकीचं घरातलं आहे. तुम्ही घरातले नाही, नाना. तुम्हाला रोट तरी चालतात का?”

नानांनी हे वाक्य शांतपणे घेतलं. खरी वाक्यं त्यांना दुखवत नसत. झुलाल काही न बोलता बाहेर जाऊन ट्रॅक्टर पुसायला लागला. दुपार झाली. वाजंत्री दारात आली.

६

कानबाईची मिरवणूक नदीकडे निघाली, की वाटेतल्या दर घरची बाई दारात ताट घेऊन उभी राहते, देवीला ओवाळते, मगच देवी पुढं सरकते. पाट अक्कानं स्वतः डोक्यावर घेतला होता. वय झालं, हे सुनेचं म्हणणं तिला मान्य नसावं. आबा पुढं होते, तोताराम मागं, भटू सर मधे फोटो काढत होते. नाना कडेकडेनं चालत होते.

सोनाराचं दार बंद होतं.

वाजंत्री पुढं गेली. अक्का थांबली. मागचे लोक थांबले. वाजंत्री परत आली.

“अक्का, चाल ना,” आबा कुजबुजले. “त्या घरात काही अडचण असेल.”

“ह्या घरनी आरती व्हयनी नही,” अक्का म्हणाली. “कानबाई पुढं जावाव नही.”

ती उन्हात उभी राहिली. डोक्यावर देवी, देवीच्या कमरेला चांदी, गळ्यात मोकळा दोरा. शेवटी दाराची कडी वाजली आणि लीलाधर बाहेर आला. त्याच्या मागं त्याची बायको ताट धरून उभी होती, पण तिनं उंबरा ओलांडला नाही.

“आबा,” लीलाधर म्हणाला, “चोराच्या घरची आरती चालते का तुमच्या देवीला?”

“मी तक्रार देत नाही, लीलाधर.”

“का देत नाही?”

“नाणं मिळालं.”

गर्दीत एक हुंकार फिरला. लीलाधर पायरीवर उतरला. “बरं. मिळालं. कुठं मिळालं? माझ्या दुकानात?”

“नाही.”

“मग कुणी घेतलं होतं?”

आबांनी इकडं तिकडं पाहिलं. भटू सर कॅमेऱ्यात बघत होते, त्यांची मदत होण्यासारखी नव्हती. नानांनी आपली नजर आधीच एका वीज-खांबावर ठेवली होती. अक्का हलली नाही. तिच्या मानेची शीर मात्र पाटाच्या ओझ्यानं थरथरत होती, आणि ते आबांना दिसत होतं. जाण्याची वाट एकच होती, आणि ती सोनाराच्या पायरीवरून जात होती.

“आबा, नाव सांगा,” लीलाधर म्हणाला. आवाज चढवला नव्हता. “तुम्ही माझं नाव सांगितलंत तेव्हा अख्ख्या गावाला ऐकू गेलं होतं.”

गर्दीच्या मागं झुलाल ट्रॅक्टरपाशी उभा होता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. नंतर अक्काकडे पाहिलं. मग ते घसा खाकरून, पोळ्याच्या सभेत बोलत तसे, सर्वांना ऐकू जाईल असं बोलले.

“कुणी घेतलं नव्हतं. माझ्या आईनं दिलं होतं. तिच्या नातवाला. तो झुलाल. पुनाचा पोरगा, माझा पुतण्या. लीलाधरनं हात लावला नाही. मी खोटा आळ घेतला.”

सोनाराची बायको उंबरा ओलांडून आली आणि तिनं कानबाईला ओवाळलं. मग आबांनी झुलालला हात केला. तो पुढं आला, त्यानं अक्काच्या डोक्यावरचा पाट उचलून आपल्या डोक्यावर घेतला, आणि वाजंत्र्यांनी एकदम सुरुवात केली.

मिरवणूक हलली. तोताराम झपाझप पुढं येऊन आबांच्या कानाशी लागला.

“लोटनभाऊ, म्हणजे आता वाटणी तिघांत?”

आबा दोन-चार पावलं नुसते चालले. पुढं पुतण्याची मान देवीच्या ओझ्याखाली ताठ दिसत होती.

“तिघांत,” ते म्हणाले.